मेथी घासाचं बी घरीच धरायचंय, कापणी कधी बंद करू?

गोठेवाला_पलूस:

राम राम मंडळी. दहा गुंठं मेथी घास, म्हंजे लसूण घास हाय, जात आरएल ८८, दुसरं वरीस चाललंय. जमीन काळी, पाणी नदीच्या स्कीमचं, त्यामुळं पाण्याची अडचण न्हाई. गोठ्यात संकरित गाया, दोन म्हशी, घास रोज लागतोच, एक वाफा कापायचा तवर दुसरा वाढायचा असं वर्षभर चालू असतं. आता पुढच्या साली अजून एक तुकडा घासाखाली आणायचाय आणि बियाण्याचा भाव ऐकून डोकं फिरतंय, वर त्यात अमरवेल, ती घासावरच जगणारी पिवळी वेल, निघाली तर मग बोंबच. म्हणून म्हटलं बी घरचंच धरावं.

पण घरात दोन पार्ट्या पडल्यात. वडील म्हणतात संक्रांत झाली की विळा लावायचा न्हाई, न्हाईतर बी धरत न्हाई. शेजारचे अण्णा म्हणतात तसं काय नसतंय, जितकं कापशील तितकं फुटतंय, फुटवं जास्त म्हंजे फुलं जास्त, फुलं जास्त म्हंजे बी जास्त, होळीपातुर कापा बिनधास्त. गेल्या साली बांधाकडचा एक वाफा तसाच सोडलेला, गुडघ्याच्या वर गेला, जांभळ्या फुलांनी असा भरला की येणारा जाणारा थांबून बघायचा, आठ आठ दिवस तसाच जांभळा दिसायचा, पण शेंगा धरल्याच न्हाईत म्हणा की, मूठभर बी निघालं. तर नेमकं कापण्यानं बी वाढतंय का कमी होतंय? आणि गोठा सांभाळून हे जमतं का? वाफा सोडला की तेवढा चारा कमी, आणि दूध लगेच खाली येतंय.

तात्या_कोरेगाव:

वडील बरोबर हाईत, अण्णा निम्मे बरोबर हाईत. आमच्या भागात संक्रांतीपासनं जानेवारी सरेपर्यंत शेवटची कापणी घेत्यात, फार तर शिवरात्रीच्या आधी आठ-पंधरा दिवस, त्याच्या पुढं न्हाई. कारण सरळ हाय. जानेवारीच्या शेवटाला कापलं तर फेब्रुवारी सरता सरता फूल, मार्चभर फुलोरा, एप्रिलमधे शेंग तपकिरी, आणि वळवाच्या आधी खळं मोकळं. होळीला कापलं तर फूल एप्रिलच्या रणरणत्या उन्हात येणार, शेंग भरायला मे उजाडणार, आणि मे मधे एक वळीव आला की शेंगा काळ्या पडून बी खराब, गारपीट झाली तर बघायलाच नको.

आणि वडिलांचं ऐकून दुसऱ्या टोकाला पण जाऊ नका, म्हंजे दिवाळीपासनं कापलंच न्हाई असं. जुना वाढलेला घास फेब्रुवारीत आडवा पडतो, खालनं पिवळा, वरनं नवी फूट, एका झाडावर फूल, शेंग, कोंब सगळं एकाच वेळी. कापायचं कधी मग?

गेल्या सालच्या वाफ्याला पाणी किती दिलंत ते सांगा आधी. माझा संशय तिथंच हाय.

बारका_शेतकरी:

बी झालं तर दोन किलो मला ठेवा, भाव काय लावताय

ऍग्रीवाला_कराड:

तात्यांनी तारीख सांगितली, मी कारण सांगतो, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

घास कापला की वर फक्त खुंट राहतात, पान नाही. पान नाही म्हणजे अन्न तयार होणं बंद. मग नवी फूट येते ती मुळात साठवलेल्या मालावर. एखादं जुनं झाड खणून सोटमूळ आडवं कापून बघा, चांगलं जाड असतं, त्यात स्टार्च असतो आणि प्रथिनाच्या रूपात नत्र पण साठवलेलं असतं, हे दुसरं बऱ्याच जणांना माहीत नसतं. कापणीनंतर दोन-तीन आठवडे झाड हा साठा खर्चत असतं. फूट वीतभर झाली, पानं पसरली की मग माल उलटा वरून खाली जायला लागतो आणि फुलावर येईपर्यंत भरणा चालू राहतो. म्हणूनच सगळीकडं सल्ला असा असतो की साधारण दहा टक्के फुलं दिसली की कापा, चारा पण बरा असतो आणि मुळं पण भरलेली असतात. आपल्याकडं दर २५-३० दिवसांनी कापायची पद्धत आहे ती याच हिशोबात बसते. पण गोठ्यात ओढाताण झाली की माणूस विसाव्या दिवशीच विळा घालतो, आणि असं सलग तीन-चार वेळा झालं की मुळं रिकामी व्हायला लागतात, फूट बारीक येते, वाफ्यात मधे मधे झाडं मरून जागा पडतात आणि तिथं तण शिरतं. लोक म्हणतात घास म्हातारा झाला. म्हातारा नाही झालेला, उपाशी आहे तो.

मुळावरच्या गाठींचं पण असंच. गाठीतल्या जिवाणूंना खुराक पानातून जातो. कापलं की एका दिवसात हवेतलं नत्र धरायचं काम एकदम खाली येतं, अगदी थोडं उरतं, आणि पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे जातात. लसूण घासाचं बरं एवढंच की गाठी गळून पडत नाहीत, मागचा भाग मरतो पण टोक जिवंत राहतं आणि पान आलं की तिथूनच परत वाढते. तोपर्यंत झाड मुळातलं साठवलेलं नत्रच वापरतं. म्हणजे घाईघाईनं कापलं की पीठ पण गेलं आणि नत्र पण, दोन्हीकडून मार.

आता बियाचं. अण्णांचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. कापलं की जमिनीलगतचे डोळे जागे होतात, नवे फुटवे येतात आणि मुख्य म्हणजे सगळे एका वयाचे येतात, त्यामुळं फुलोरा एकसारखा. न कापलेल्या वाफ्यात हे होत नाही, तात्या म्हणाले तसं फूल-शेंग-कोंब सगळा गोंधळ. पण फुलाचे घोस येतात ते फांदीच्या वरच्या पेरांवर, पानाच्या बगलेतून. खालची पाच-सहा पेरं, कधी जास्त, नुसत्या पानाची जातात. मार्चमधे कापलं तर ऊन जास्त, दिवस मोठा, झाड घाई करतं, आखूड असतानाच फुलावर येतं, फांदीवर फुलाची पेरं कमी, त्यातली फुलं उन्हानं गळतात. फुटवे भरपूर, बी नाही.

थोडक्यात कापणी कोणत्या अवस्थेत पडली यावर सगळं आहे. नुसता पाला वाढतोय तेव्हा कापलं तर बियाला धक्का नाही, उलट थोडा फायदाच. कळी दिसायला लागल्यावर कापलं तर तेवढ्या कळ्या गेल्या, परत येतील त्या उशिरा आणि कमी. शेंग धरल्यावर कापलं तर विषयच संपला.

अजून एक, हे कोण सांगत नाही. शेवटच्या कापणीच्या आधी घास थोडा जास्त दिवस उभा राहू द्या, थोडी फुलं दिसू द्यात, मग शेवटची कापणी घ्या. कारण बियासाठी जी वाढ सोडणार ती पूर्णपणे त्या वेळी मुळात जे असेल त्यावर उभी राहणार. आधीच्या दोन कापण्या घाईत घेतल्या आणि मग सोडलं तर संक्रांतीला सोडूनपण उपयोग नाही. आणि शेवटची कापणी अगदी जमिनीला घासून नको, चार बोटं तरी खुंट ठेवा.

द्राक्षबाग_तासगाव:

ऍग्रीवाले भाऊ, हे मुळाचं वाचून आमची द्राक्षाची खरड छाटणी आठवली. एप्रिलमधे छाटून काडी नीट भरू दिली न्हाई तर ऑक्टोबरला कितीबी औषध मारा, घड निघत न्हाई. ज्याच्या बागेत एकदा असं झालंय त्याला घासाची मुळं का भरायची ते समजावून सांगायला लागणार न्हाई.

पण पलूसवाले दादा, तुमच्या गेल्या सालच्या वाफ्याचं निदान मला वेगळं वाटतंय. तुम्हीच लिहिलंय आठ आठ दिवस जांभळा दिसायचा. तिथंच गोम हाय. घासाचं फूल मधमाशीनं उघडल्याशिवाय बी नीट धरत न्हाई. एक फूल तोडून हातात घ्या. खालच्या जोडलेल्या पाकळ्यांत एक दांडी ताणून दाबून बसलेली असती, पुंकेसर स्त्रीकेसर सगळं त्यात. काडीच्या टोकानं फुलाच्या घशात हळूच दाबा, दांडी टप्पकन उडून वरच्या मोठ्या पाकळीवर आपटती. एकदा उडाली की परत आत जात न्हाई. माशी बसली की हेच होतं, परागकण तिच्या अंगाला, आणि आधीच्या फुलाचं घेऊन आलेली ह्याला. असं उघडलेलं फूल लगेच कोमेजायला लागतं. न उघडलेलं मात्र ताजं राहतं, मग आठवड्याभरानं गळून पडतं. वाफा आठवडाभर जांभळा राहिला म्हंजे कुणी फुलं उघडलीच न्हाईत. बी धरणारा वाफा दिसायला एवढा देखणा नसतोय, फुलं मळकट, सुकलेली, खाली शेंगा वळायला लागलेल्या.

आणि पेटीतली मधमाशी लई हुशार. एकदा दांडीचा फटका बसला की ती बाजूनं जीभ घालून मध चोरायला शिकती, फूल तसंच. अमेरिकेत, कॅनडात ह्याच्यासाठी पानं कापणारी माशी पाळत्यात, घासाच्या बियासाठी मुद्दाम. आपल्याकडं बी त्या जातीच्या माश्या रानात असत्यात, गुलाबाच्या पानाला कडेनं गोल गोल कापलेलं दिसतं ते त्यांचंच काम. शिवाय मोठे काळे भुंगे, आग्या आणि फुलोरी मधमाश्या, ह्यांचा उपयोग होतो. बांधावर करंज, बोर, शेवरी, जुनं लाकूड असलं तर भुंगं राहत्यात. सगळा बांध साफ करून तणनाशक मारलेल्या शिवारात बी कुठलं धरायचं.

मार्चमधे शेजारी कुणी भरदुपारी फवारतंय का बघा. एप्रिलला आमच्याकडं खरड छाटणीच्या फुटीवर उडद्या किडीसाठी फवारे चालू होत्यात, म्हणून सुद्धा होळीला कापू नका, तुमचा फुलोरा नेमका त्यात सापडणार.

गोठेवाला_पलूस:

बापरे, एवढं सगळं. तात्या, पाणी बाकीच्या वाफ्यांबरोबरच चालू होतं, एकाच दंडानं सगळ्यांना जातंय, काळी जमीन, आठ-दहा दिवसाला पाणी. आणि शेजारी द्राक्ष हायच, पलीकडं ढबू मिरचीचं शेडनेट. फुलाचं मात्र उद्याच बघतो, आता दोन-चार फुलं हाईत वाफ्यात.

एक विचारायचं राहिलं. घरी शेरडं हाईत, वाफा सोडल्यावर आमची आई वरची कोवळी शेंडी शेंडी खुडून आणायची शेरडांना, पुरा कापत न्हाई नुसतं वरचं. त्यानं काय होतंय? का त्यानं फांद्या फुटून फायदा?

ऍग्रीवाला_कराड:

सोडल्यावर पहिल्या दहा-बारा दिवसात एखाद्या वेळी खुडलं तर फार बिघडत नाही, बाजूच्या फांद्या फुटतील. पण त्यानंतर नाही. कळ्या वरच्याच पेरांवर असतात हे वर लिहिलंच, आणि शेंगेतलं बी भरतं ते जवळच्या वरच्या पानांवरच, खालची पानं सावलीतली, त्यांचं योगदान कमी. म्हणजे शेंडा खुडणं हे दिसायला थोडं असलं तरी बियाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट कापणी तीच. मावा, पानं खाणारी अळी, पानावरचे ठिपके यांनी मार्चमधे वरची पानं गेली तरी तसंच, शेंगा दिसतात पण बी चपटं, सुरकुतलेलं. आईंना म्हणावं शेरडांना बाकीच्या वाफ्यातलं द्या.

पाण्याबद्दल तात्या सांगतीलच, पण आठ-दहा दिवसांनी काळ्या जमिनीला म्हणजे चाऱ्याचं पाणी झालं. बियाच्या वाफ्याला एवढं दिलं की खालून नवे कोंब येत राहतात, झाड फुलं सोडून त्यांच्या मागं लागतं.

रानवाली_माण:

सगळं बागायती घासाचंच चाललंय, आम्ही माणातल्या लोकांनी काय करायचं 😀 आमच्याकडं बांधावर आणि माळावर स्टायलो लावलाय, दोन-तीन ठिकाणी दशरथ घास, दोन्ही शेंगवर्गीय चारा. इथं कापणं कमी, चरणं जास्त. मेंढरं, खिलार, सगळं. तर चरण्यानं बी कमी होतं का हा प्रश्न आमच्याकडं पण आहेच, कारण स्टायलो पुढच्या साली उगवतो तो पडलेल्या बियावर.

माझा अनुभव सांगते. जूनपासून ऑगस्टपर्यंत जनावरं स्टायलोला फार तोंड लावत नाहीत, कुसळ, पवन्या, मारवेल असलं कोवळं गवत खातात. त्यामुळं त्या दिवसात चारलं तर उलट चांगलं, गवताची सावली कमी होते आणि खालचा स्टायलो पसरतो. कुरण बंद म्हणून पावसाळाभर कुणाला येऊ दिलं नाही तर गवत कमरेएवढं आणि आत स्टायलो काडी काडी. पण सप्टेंबर उजाडला, गवत राठ झालं की सगळी जनावरं स्टायलोवर तुटून पडतात आणि नेमका तेव्हाच तो फुलावर येत असतो. आमच्या वाडीत म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर तेवढा माळ बंद ठेवतो, बी झडलं की मग खुशाल चारा.

आणि कापत असाल तर स्टायलोला घासासारखं चार बोटांवर कापू नका. घासाला जमिनीलगत डोळे असतात, स्टायलोला खालचं लाकूड झालं की तिथून फूट येत नाही, हिरवं पान ठेवून वीतभर वर कापायचं. दशरथ घास तर अजून वर, फूटभर ठेवून. दशरथच्या शेंगा मात्र वाळल्या की फुटून बी उडतं, सकाळी दव असताना तोडा.

वाळवा_इस्लामपूर:

मला एक कळत न्हाई, एवढा उपद्व्याप करून घरचं बी धरायचं कशाला. घासाचं परागीकरण माश्यांनी म्हंजे परपरागी पीक, शेजाऱ्याची दुसरी जात असली की भेसळ झालीच. दोन-चार वर्षांत आरएल ८८ नावालाच. परत नवीन बी कठीण कवचाचं असतं, निम्मं उगवत न्हाई म्हणून लोक बोंबलत्यात. राहुरी विद्यापीठातनं खात्रीचं बी आणा, एकदा पैसे जात्यात, विषय संपला.

तात्या_कोरेगाव:

वाळवेकर, मुद्दा खोटा न्हाई, पण हे बी विकायचं न्हाई त्यांना, स्वतःच्या गोठ्याला लावायचंय. भेसळ झाली तरी घासच हाय, गाय काय टॅग वाचून खात न्हाई. पहिलं बी खात्रीच्या ठिकाणचं आणायचं हे मान्य, पुढची दोन साल घरचं चालतंय. बारक्या, तुला मात्र विद्यापीठाचंच बरं.

कठीण बी असतं हे खरं, पण एप्रिलमधे काढून ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरणार, तेवढ्या दिवसात बरंच नरम पडतं. लईच वाटलं तर पोत्यात वाळू घालून हलकं चोळा, मग रात्रभर भिजवून पेरा. जिवाणूची पाकीटं लावायला विसरू नका, नवीन तुकड्यात घास पहिल्यांदाच येणार असंल तर गाठी धरायला तेच लागतंय.

पाणी. शेवटच्या कापणीनंतर एक चांगलं पाणी, फूट वीतभर झाली की दुसरं, मग जमीन बघून. काळ्या जमिनीला फुलोऱ्यात एखादं हलकं, शेंगा भरायला लागल्यावर बंद. झाड दुपारी जरासं मलूल दिसलं तरी घाबरायचं न्हाई. युरिया तर अजिबात दाखवायचा न्हाई. एकाच दंडानं जातंय म्हणालात तर बियाचा वाफा शेवटाला धरा, दंडाच्या टोकाला, तिथं पाणी तोडता येतं. बांधाकडचा म्हणजे पाझर लागणारा धरू नका.

गोठेवाला_पलूस:

तात्या, टोकाचा वाफा हाय तसा, साधारण तीन गुंठं. पण तेवढ्यात पुरेल का बी? आणि दोन-तीन महिने तीन गुंठं चारा बंद, ते कसं भागवायचं.

द्राक्षवाले भाऊ, काडीनं दाबून बघितलं, खरंच टप्पकन उडतंय राव. पोरं आता प्रत्येक फुलाला काडी लावत फिरायल्यात.

ऍग्रीवाला_कराड:

पोरांना लावा कामाला, तेवढीच मदत 😄 हातानं उघडलं तरी थोडं बी धरतं, पण स्वतःच्याच परागावर धरलेलं कमी आणि बारीक, माशीचं काम माशीनंच केलेलं बरं.

हिशोब करा. पेरायला हेक्टरी २५ किलो धरतात, म्हणजे एकराला १० किलो, दहा गुंठ्याला अडीच किलो. बियाचं उत्पादन आपल्याकडं हेक्टरी २ ते ३ क्विंटल निघालं तर चांगलं मानतात, म्हणजे तीन गुंठ्यात सहा ते नऊ किलो. गेल्या सालसारखा मूठभर न निघता अगदी निम्मं जरी आलं तरी तीन-साडेतीन किलो, तुमचा नवीन तुकडा भागला. दहाच्या दहा गुंठे सोडायची गरजच नाही, आणि वडील आणि अण्णा दोघांचं भांडण पण मिटलं, सात गुंठे अण्णांच्या पद्धतीनं कापा, तीन वडिलांच्या पद्धतीनं सोडा. फक्त त्या सातावर जास्त ताण आणून विसाव्या दिवशी कापायला लागू नका. त्याऐवजी मका किंवा कडवळाचा (चाऱ्याच्या ज्वारीचा) एखादा वाफा आत्ताच टाकून ठेवा, फेब्रुवारी-मार्चला हाताशी येतो. तेवढे दिवस गाईला घास थोडा कमी आणि मका जास्त असं हळूहळू बदला, एकदम नाही.

दाट पेरलेल्या वाफ्यात बी कमी धरतं, आत हवा नाही, माशी आत शिरत नाही. दुसऱ्या वर्षाचा आहे म्हणजे थोडा विरळ झालेला असेलच, ओळीत असेल तर एकाआड एक ओळ शेवटच्या कापणीला कुदळीनं काढून टाकली तरी चालेल, जीव होत नाही पण बी वाढतं.

रानवाली_माण, तुमचं सप्टेंबरचं निरीक्षण एकदम बरोबर, बाहेरच्या देशात पण स्टायलोच्या कुरणात हेच सांगतात, पावसाळ्याच्या सुरुवातीला गवत खाऊ द्या आणि स्टायलो फुलावर आला की चारणं बंद ठेवा. ऑस्ट्रेलियात एक क्लोव्हर नावाचा चारा आहे, जमिनीत शेंग पुरणारा, भुईमुगासारखी सवय, त्याला तर फुलं येईपर्यंत मेंढ्यांनी चारलं तर बी वाढतं, कारण आखूड झाड राहिलं की शेंग मातीत सहज जाते. म्हणजे एकच नियम सगळ्यांना नाही, कुठल्या झाडाचा डोळा कुठं आणि फूल कुठं हे बघायचं.

रानवाली_माण:

मेंढरांचं अजून एक. गाईच्या शेणातून स्टायलोचं बी अख्खं बाहेर पडून उगवतं, कठीण असतं ना, म्हणून माळावर शेणाच्या पोवट्याभोवती रोपं दिसतात. मेंढरू बारीक चावतं, त्याच्या लेंडीतून फार कमी येतं. आमच्यातले धनगर म्हणतात मेंढरानं माळ बसतो म्हणजे सुपीक होतो, ते खतापुरतं खरं, बियापुरतं नाही. म्हणून बी झडल्यावर पहिल्यांदा गाई-बैल सोडतो आणि मग मेंढरं.

तात्या_कोरेगाव:

आता काढणीचं सांगून टाकतो. सगळ्या शेंगा एकदम पिकायची वाट बघू नका, खालच्या झडून जातील. घोसातल्या चारातल्या तीन शेंगा तपकिरी झाल्या की सकाळच्या पारी कापा, ऊन तापल्यावर कापलं की शेंग गळते. ताडपत्रीवर पातळ पसरा, दोन-चार दिवस कडक वाळू द्या, मग काठीनं झोडा. शेंग गुंडाळलेली असती, दोन-तीन वेटोळी, एका झोडपण्यात मोकळी होत न्हाई, परत उन्हात टाकून परत झोडावी लागती. बी पिवळसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं. तपकिरी, सुरकुतलेलं बाजूला काढा.

अमरवेल म्हणालात, तर त्याचा बंदोबस्त खळ्यात न्हाई, रानात करायचा. फेब्रुवारीत वाफ्यात फिरा, पिवळं दोऱ्यासारखं गुंतलेलं दिसलं की घासासकट तेवढा तुकडा जमिनीलगत कापून जाग्यावर वाळवून जाळून टाका, जनावराला घालू नका, बी शेणातनं परत रानात जातंय. एक पण वेल फुलापर्यंत ठेवली की तिचं बी घासाच्या बियात मिसळणार आणि वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहणार. खळ्यात बारीक चाळणीनं थोडं निघतं, अमरवेलीचं बी बारीक, गोलसर, खडबडीत असतं, पण सगळं निघत न्हाई. वाफा लई भरलेला असंल तर त्याचं बी धरूच नका, चाऱ्यालाच कापा.

गोठेवाला_पलूस:

सगळ्यांचे आभार. टोकाचा वाफा ठरला, त्यात अमरवेल न्हाई आत्तातरी. शेवटचं विचारतो, बी काढल्यावर तो वाफा मोडायचा का परत चाऱ्याला धरायचा?

ऍग्रीवाला_कराड:

मोडू नका, आरएल ८८ तीन-चार वर्षं चालतो. पण बी भरताना मुळातला माल वर गेलेला असतो आणि पाणी पण तोडलेलं असतं, त्यामुळं लगेच महिन्याच्या कापणीला लावू नका. कापून झालं की स्फुरद आणि शेणखत द्या, पाणी द्या, आणि पहिली फूट पूर्ण फुलावर येऊ द्या, मग कापा. त्यानंतर नेहमीचं चालू. पावसाळ्यात त्या वाफ्यात पाणी साचणार नाही एवढं बघा, काळ्या जमिनीत भुकेलं मूळ आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की कुजतं.

बारका_शेतकरी:

तात्या विद्यापीठाचं बी कधी मिळतं, फोन करून विचारावं लागतं का डायरेक्ट जायचं

तात्या_कोरेगाव:

आधी फोन कर, शिल्लक हाय का विचार, मगच गाडीला किक मार. राहुरी जवळ न्हाई.